प्राध्यापकांचा गाळप हंगाम

माझे सासरे, अण्णा, एका सहकारी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. माणूस देवगुणी, पण आकड्याशिवाय बोलणं त्यांना जमत नसे. ‘आज गाळप चार हजार टन, उतारा साडेअकरा’ ही त्यांची ख्यालीखुशाली. उतारा पाव टक्क्याने घसरला की घरात सुतक. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात, म्हणजे खरं तर मला दाखवायच्या, पोह्यांची बशी माझ्या हातात असताना त्यांनी विचारलं, “तुमच्या कॉलेजात कसं असतं? म्हणजे दिवसाकाठी निघतं काय?”

“मुलं पदवीधर होऊन निघतात,” मी म्हणालो.

“ती बाहेरून येतात हो, उसासारखी. त्यातून तुम्ही काढता काय?”

मी बशीत लक्ष घातलं. पोह्यांत शेंगदाणे भरपूर होते.

लग्न झालं ते माझा उतारा चांगला म्हणून नव्हे, नोकरी अनुदानित म्हणून. पण अण्णांचा प्रश्न काही वावगा नव्हता. सरकार पगार देतं, पालक फी भरतात, तर या प्राध्यापक नावाच्या यंत्रातून शेवटी पडतं काय, हे कुणीतरी विचारणारच. अण्णांनी निदान समोर बसवून विचारलं. पुढे हाच प्रश्न दिल्लीला पडला, आणि दिल्लीसमोर पोह्यांत तोंड खुपसून बसता येत नाही.

अर्थात हे खूळ दिल्लीने काढलं असंही नाही. त्याचं आजोळ अमेरिकेत आहे. फ्रेडरिक टेलर नावाचा एक इंजिनिअर हातात स्टॉपवॉच घेऊन कारखान्यात उभा राहिला आणि कामगार एका फावड्यात किती माल उचलतो, किती वेळात उचलतो, हे टिपू लागला. त्याचा पट्टशिष्य मॉरिस कुक. कार्नेगी फाउंडेशनने या कुकला विद्यापीठं तपासायला धाडलं. हार्वर्ड, कोलंबिया, प्रिन्स्टन, टोरोंटो अशा ठिकाणचे पदार्थविज्ञान विभाग त्याने पालथे घातले आणि १९१० साली अहवाल दिला. त्यात शिक्षण मोजायचं माप होतं ‘विद्यार्थी-तास’. एक विद्यार्थी एक तास वर्गात किंवा प्रयोगशाळेत बसला की झाला एक नग. शंभर विद्यार्थी तासभर बसले की शंभर नग. त्यातले जागे किती होते, ही बाब मापाच्या बाहेर.

कुकची एक तक्रार मात्र मला मनापासून पटते. प्राध्यापक लोक आपला वेळ कारकुनी कामात घालवतात, असं त्याला दिसलं, आणि हे त्याला अजिबात परवडण्यासारखं वाटलं नाही. कार्यक्षमतेचा हा मूळपुरुष आज आमच्या कॉलेजात आला आणि आयक्यूएसीच्या, म्हणजे गुणवत्ता कक्षाच्या, खोलीत पीएचडी झालेली सात माणसं फायलींना पाठपोट नंबर घालताना त्याने पाहिली, तर तो आल्या पावली परत जाईल. जाताना त्याच्याकडून व्हिजिटर्स बुकात अभिप्राय आणि सही मात्र घेतली जाईल. ती नॅकच्या तपासणीत क्रायटेरिया सहाला चालते.

आणि ते क्रेडिट! नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून आमचं बोलणंच क्रेडिटमध्ये चालतं. “तुझे किती?” “चार. आणि तुझे?” “दोनच, पण प्रॅक्टिकलचे आहेत.” पंधरा तास शिकवलं की एक क्रेडिट, हा हिशेब ऐकायला अगदी ऋषिमुनींनी सांगितल्यासारखा वाटतो. त्याचा उगम पेन्शनीत आहे. अँड्र्यू कार्नेगीने १९०५ साली प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर बाजूला काढले. आता पेन्शन द्यायची कॉलेजच्या प्राध्यापकाला, तर कॉलेज म्हणायचं कशाला? जिथे प्रवेश मिळवायला आधी शाळेत १४ ‘युनिटां’चा, म्हणजे ठरावीक तासांचा अभ्यास लागतो, ते कॉलेज. मग पेन्शनीच्या आशेने सगळ्यांनी तास मोजायला घेतले आणि त्या मोजणीतून पुढे क्रेडिट आलं. आमच्याकडे १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. क्रेडिट तेवढं आलं.

आमच्या पिढीवर खरा हात पडला तो २०१० साली. विद्यापीठ अनुदान आयोगाने विनियम काढले आणि त्यातून एपीआय, म्हणजे प्राध्यापकाच्या कामगिरीचा गुणांक, जन्माला आला. तोवर प्राध्यापकाची बढती वयाप्रमाणे व्हायची, केस पिकण्याप्रमाणे. आता प्रत्येक हालचालीला गुण. रेफरीड नियतकालिकात शोधनिबंध छापून आला की १५. परिषदेत निबंध वाचला तर परिषद आंतरराष्ट्रीय असल्यास १०, राष्ट्रीय असल्यास साडेसात, राज्यस्तरीय असल्यास ५, विद्यापीठ-कॉलेजच्या पातळीवरची असल्यास ३. साडेसाती म्हणतात ती हीच असावी, कारण पुढची काही वर्षं महाराष्ट्रात राष्ट्रीय परिषदेशिवाय एक शनिवार गेला नाही.

या परिषदा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडपासून दोन किलोमीटरवर, कमान उभारलेली असते. दारात रांगोळी, त्यापुढे नोंदणीचं टेबल, टेबलावर झोळी. झोळीत वही, पेन, जेवणाचं कूपन. उद्घाटनाला स्थानिक आमदार येतात आणि तेवढ्यात दीड तास जातो. मग चार वर्गांत एकाच वेळी चार ‘तांत्रिक सत्रं’ सुरू होतात आणि एकेका सत्रात पस्तीस निबंध असतात. प्रत्येकाला पाच मिनिटं. निबंधवाचक उभा राहतो, मान्यवरांची नावं घेतो, वेळेच्या मर्यादेबद्दल खंत व्यक्त करतो, आणि तेवढ्यात अध्यक्षांची घंटी वाजते. परिषद आंतरराष्ट्रीय करायची तर काठमांडूहून एक सद्गृहस्थ आणायचे. ते बिचारे महाराष्ट्रातले इतके तालुके फिरले की शेवटी बासुंदीत वेलदोडा कुठे जास्त घालतात हे सांगायचे. संयोजनाचं एकच शास्त्र मात्र काटेकोर पाळलं जाई: प्रमाणपत्रं समारोपाच्या आधी वाटायची नाहीत. एकदा एका नवख्या संयोजकाने ती सकाळीच वाटली. दुपारी समारोपाच्या पाहुण्यांसमोर तो, त्याचे प्राचार्य आणि माइकवाला एवढेच उरले.

निबंध वाचून झाले की छापणं आलं. छापायला नियतकालिक हवं, नियतकालिकाला आयएसएसएन नंबर हवा, आणि मागणी तिथे पुरवठा हे तर मी प्रथम वर्षाला शिकवतो. रात्री-अपरात्री ईमेल यायचे. आपल्या मौलिक संशोधनाने आम्ही भारावून गेलो आहोत, पुढच्या अंकात दोनच जागा शिल्लक आहेत, तज्ज्ञांकडून तपासणी अठ्ठेचाळीस तासांत, खाते क्रमांक सोबत जोडला आहे. आमच्या एका सहकाऱ्याचा ऊस उत्पादकांच्या कर्जबाजारीपणावरचा निबंध अशा एका अंकात आला. त्याच्या डाव्या पानावर शेळ्यांमधले जंत होते आणि उजव्या पानावर शेक्सपिअरची स्त्रीपात्रं. अंक बहुविद्याशाखीय होता. सहकाऱ्याला १५ गुण मिळाले. त्याच्या निबंधाचा पहिला परिच्छेद शेळ्यांच्या निबंधाला चिकटला होता, हे त्याच्या लक्षात चार वर्षांनी, कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, मुलाखतीच्या आदल्या रात्री आलं. मुलाखतीत अर्थातच कुणाच्या आलं नाही.

आयोगाच्या हा धंदा हळूहळू लक्षात आला. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादीच जाहीर केली. यादी हजारोंची. पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यातली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं बारकाईने तपासली आणि ८८ टक्के निकृष्ट असू शकतात असं ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं. २ मे २०१८ ला आयोगाने एका झटक्यात ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये जे दृश्य होतं ते मी शेअर बाजार कोसळल्यावरसुद्धा पाहिलेलं नाही. लोक मोबाइलवर यादी खालून वर, वरून खाली बघत होते. कुणाचे तीस गुण बुडाले, कुणाचे साठ. “माझं आहे! माझं अजून आहे!” असं ओरडत रसायनशास्त्राचे एक सर व्हरांड्यातून धावले. पुढे केअर नावाची नवी यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही आयोगाने बंद केली. आता काय चांगलं, काय वाईट, हे ज्याचं त्याने वाचून ठरवायचं आहे. ‘वाचून’ या शब्दाने पुष्कळांच्या पोटात गोळा आला.

एपीआयच्या भर काळात, एका रिकाम्या तासाला, मी महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा एपीआय काढला. काण्यांचा ‘हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र’. पाच खंड, साडेसहा हजारांच्या आसपास पानं, पहिला खंड १९३० चा आणि शेवटचा १९६२ चा. राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशनाचा ग्रंथ, लेखक एकटा, म्हणजे दर ग्रंथाला २५ गुण. पाच पंचवीस सव्वाशे. बत्तीस वर्षांनी भागले. वर्षाला चार गुणसुद्धा भरेनात. काही खंडांचे दोन-दोन भाग आहेत, म्हणून मी दयाबुद्धीने भाग सुटे मोजले, तरी सात होईनात. आणि विद्यापीठात सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या सहायक प्राध्यापकाला संशोधनाचे वर्षाला किमान १० लागायचे. बरं, हे झालं उदार मनाने. नियमावर बोट ठेवायचं तर ग्रंथाला आयएसबीएन हवा, आणि तो नंबर देण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. म्हणजे शून्य. सरकारने १९६३ साली काण्यांना भारतरत्न दिलं, ते बहुधा कॅसची फाइल परत आल्यावर समजूत काढायला.

असलाच एक इसम एडिंबरोला होता, पीटर हिग्ज. १९६४ साली त्याने एका कणाबद्दल निबंध लिहिला आणि त्यानंतरच्या साऱ्या आयुष्यात दहासुद्धा लिहिले नाहीत. ब्रिटनमध्ये १९८६ पासून संशोधनाची सरकारी मोजदाद सुरू झाली. विभागातून दरवेळी पत्रक फिरे, आपल्या अलीकडच्या प्रकाशनांची यादी द्यावी. हिग्ज कळवायचा: काही नाही. विभागाला त्याची लाजच वाटायची, असं त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. नोबेल मिळेल या आशेवर आपल्याला ठेवून घेतलं असावं, नाहीतर कधीच हाकललं असतं, हेही त्यानेच सांगितलं. २०१३ साली ते मिळालं एकदाचं. तो कण जिनिव्हाजवळ सत्तावीस किलोमीटर परिघाच्या बोगद्यात सापडला. आमच्याकडे त्याला आधी विचारलं असतं, फोटो जिओटॅग आहे का?

जिओटॅग ही नॅकची देणगी. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, स्थापना १९९४, मुख्यालय बंगळुरू. सात क्रायटेरिया आणि चारपैकी गुण. ३.५१ पासून पुढे ए डबल प्लस, ३.५० ला नुसता ए प्लस. या एक शतांशाने प्राचार्यांचा रक्तदाब वाढलेला मी पाहिला आहे. नॅकचं तत्त्वज्ञान अद्वैताच्या वरचढ आहे: ज्याचा पुरावा नाही ते झालंच नाही. तुम्ही वर्गात जीव तोडून शिकवलं, एखाद्या मुलाच्या डोक्यात दिवा पेटला, तर उत्तम. दिव्याचा फोटो?

आणि फोटो नुसता चालत नाही. त्यावर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि कोपऱ्यात नकाशा उमटायला हवा. त्यासाठी एक ॲप आहे आणि ते मोबाइलला रेंज असेल तसं वागतं. आमच्या कॉलेजात बँक व्यवहारांवर एक व्याख्यान झालं. वक्ते चांगले होते, मुलांनी प्रश्नही विचारले, जे एरवी हॉलतिकिटाबद्दलच असतात. संध्याकाळी फोटो तपासला तर अक्षांश-रेखांशाप्रमाणे कार्यक्रम शेजारच्या गावच्या पाझर तलावात, काठापासून बराच आत, संपन्न झालेला. क्रायटेरियाच्या मॅडम म्हणाल्या, “सर, पाहुण्यांना परत बोलवावं लागेल. फोटोपुरतं.” पाहुणे आले. सज्जन माणूस. माइकसमोर उभे राहिले, तोंड उघडलं, हात वर केला. समोर बसायला मुलं हवी होती, ती कँटीनमधून आणली. “सर, थोडं डावीकडे, बॅनर झाकलं जातंय.” क्लिक. पाहुणे चहा पिऊन गेले. त्या दोन व्याख्यानांपैकी पहिलं तलावात बुडालं आणि दुसरं आमच्या अहवालात क्रायटेरिया तीनमध्ये, पान नंबर घालून, सुखरूप आहे.

मेंटॉर-मेंटी ही दुसरी गंमत. प्रत्येक प्राध्यापकाकडे काही मुलं वाटून दिली जातात, आपण त्यांच्या सुखदुःखात सहभागी व्हायचं आणि रजिस्टर भरायचं. एक मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाला, “सर, मी तुमचा मेंटी आहे म्हणे. काय करायचं असतं?” मी म्हणालो, “इथे सही.” तो खूश झाला. इतक्या लवकर काम होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये तर कहरच. ऑनलाइन प्रश्नमंजूषा सोडवा आणि ई-प्रमाणपत्र मिळवा. पाचपैकी दोन उत्तरं बरोबर आली तरी प्रमाणपत्र, आणि शेवटचा प्रश्न ‘आपले नाव प्रमाणपत्रावर कसे हवे?’ असा असे. आमच्या एका सहकाऱ्याकडे हात धुण्याची इतकी प्रमाणपत्रं जमली की त्यांच्या मिसेस म्हणाल्या, “आता भांडीही धुवा, त्याचंही मी देते.”

हे सगळं मी एक वेळ हसून सोडून देतो, पण सीओ-पीओ माझ्याच्याने सोडवत नाही. प्रत्येक विषयाची फलितं आधी लिहायची, ती अभ्यासक्रमाच्या फलितांशी जोडायची, मग परीक्षेच्या गुणांवरून ती किती ‘गाठली’ हे तीनपैकी दोन दशांश स्थळांपर्यंत काढायचं. कार्यशाळेत सांगतात की फलित मोजता येईल असंच क्रियापद वापरा. ‘विद्यार्थ्याला समजेल’ चालत नाही, ‘विद्यार्थ्याला यादी करता येईल’ चालतं. बेंजामिन ब्लूम या गृहस्थांनी १९५६ मध्ये बुद्धीच्या पायऱ्या मांडल्या, त्या जिन्यावरून आता सारा देश चढ-उतार करतो आहे. आमच्या मराठीच्या मॅडम तुकाराम शिकवतात. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होतात, हे मी शेजारच्या वर्गातून ऐकलेलं आहे, म्हणजे त्यांचं गप्प होणं ऐकलेलं आहे. मॅडमनी एक्सेल उघडून फलित लिहिलं: ‘हा घटक शिकल्यानंतर विद्यार्थ्याला वैराग्याची तीन लक्षणे सांगता येतील.’ उत्तरपत्रिका तपासून अटेनमेंट निघालं १.८६. उद्दिष्ट होतं २. मग नियमाप्रमाणे सुधारणेचा कृती आराखडा द्यावा लागला. मॅडमनी लिहिलं, ‘पुढील वर्षी वैराग्य वाढवण्यासाठी अतिरिक्त तास घेण्यात येतील.’ तो आराखडा मंजूर आहे.

मी अर्थशास्त्राचा माणूस, म्हणून एवढं सांगतो की उत्पादकतेला आमच्या शास्त्राचा विरोध नाही. पण विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोघांनी १९६६ साली नाटक-संगीताच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातून एक अडचणीची गोष्ट निघाली. बीथोव्हेनच्या काळी चौघा वादकांना एक रचना वाजवायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. कारखान्यात तासाला दहापट माल निघू लागला, पण वादक तिघे करता येत नाहीत आणि दुप्पट वेगाने वाजवताही येत नाही. विलंबित ख्याल द्रुतात उरकला तर वेळ निम्मा लागेल, शंका नाही. श्रोतेही निम्मे लागतील. शिकवणं या जातीचं आहे. पन्नास मिनिटांत सीमांत उपयोगिता जेवढ्यांना कळायची तेवढ्यांना कळते, आणि ज्यांना कळत नाही त्यांना ती पुढे कधीतरी, तिसऱ्या जिलबीनंतर कळते. ते माझ्या खात्यावर जमा करायची सोय एक्सेलमध्ये नाही. बढती द्यायला काहीतरी कसोटी हवी, हे मला मान्य आहे. केस पिकण्यावर बढती हीही काही फार उच्च कसोटी नव्हती. काहींचे केस आळसानेच पिकले होते आणि त्यांच्या पिवळ्या नोट्सवर तीन पिढ्या पास झाल्या. पण त्या आळशी माणसाला एपीआयने पकडलं, असं समजू नका. तो सर्वांत आधी गुण भरून मोकळा झाला. त्याच्याकडे वेळ होता.

आणि ज्यांची मोजणी खरोखर मिनिटा-मिनिटाला होते, ते स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर डबा खातात. तासिका तत्त्वावरचे. नेट-सेट झालेले, बरेचसे पीएचडी. पूर्ण वेळ जागा भरल्या जात नाहीत म्हणून यांच्यावर वर्ग चालतात. तास झाला तर पैसे. सुट्टी आली, पैसे नाहीत. परीक्षा आल्या, पैसे नाहीत. विद्यार्थी मोर्चाला गेले, तरी नाहीत. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या, मध्ये एसटी. मॉरिस कुक ज्याचं स्वप्न पाहत होता तो शुद्ध तासात मोजलेला प्राध्यापक हा. आमच्यापेक्षा उत्पादकता दसपट, कारण उत्पादन तेच आणि पगार आमच्या एका हप्त्याएवढा, तोही वर्ष संपल्यावर. गेल्या खेपेला नॅकच्या तयारीत रात्री दहापर्यंत थांबून सगळ्यात जास्त फायली यांनीच लावल्या. त्यातल्या एका मुलीला मी विचारलं, “याचं काही मिळतं का गं तुला?” ती म्हणाली, “नाही सर, याला तासिका लागत नाही.” आणि क्रायटेरिया दोनचा खोका उचलून निघून गेली. त्या खोक्यात पूर्ण वेळ शिक्षकांची टक्केवारी होती.

नॅकही आता बदलणार म्हणतात. श्रेणी जाऊन नुसतं ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’, आणि वर पाच पायऱ्यांच्या पातळ्या. तपासणी समितीतल्या मंडळींनाच लाचेच्या प्रकरणात सीबीआयने २०२५ मध्ये अटक केल्यावर बदल होणं साहजिक आहे. आमच्याकडे नव्या पद्धतीची कार्यशाळा झाली. राष्ट्रीय होती.

तोवर जुन्या पद्धतीतला विद्यार्थी अभिप्राय चालू आहे. वीस प्रश्न, पाचपैकी गुण. मुलं गुगल फॉर्म उघडून सरळ रेषेत चार-चार-चार दाबत जातात आणि त्याची सरासरी ४.२१ येते. ती आम्ही रंगीत गोलात छापतो. खाली सूचनांची चौकट असते, तिथे ‘नाइस’, ‘गुड सर’ आणि नुसता टिंब. यंदा मात्र एकाने चक्क वाक्य लिहिलं: ‘खोली नंबर १४ चा पंखा फार वाजतो, सर काय बोलतात ऐकू येत नाही.’

आयक्यूएसीत आनंदीआनंद झाला. खरीखुरी सूचना! यावर कृती अहवाल देता येणार होता. बैठक बसली. पंखा हा पायाभूत सुविधांत, म्हणजे क्रायटेरिया चारमध्ये जातो. ऐकू येणं हे अध्यापनात, क्रायटेरिया दोनमध्ये. अर्धा तास खल झाला. इंग्रजीचे सर म्हणाले, विद्यार्थ्याने तक्रार केली आहे तर विद्यार्थी साहाय्य, क्रायटेरिया पाच. प्राचार्यांनी तोडगा काढला की तिन्हीकडे दाखवू, पण आधीचा आणि नंतरचा, दोन्ही जिओटॅग फोटो हवेत. ठराव झाला, सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर.

मॅडम आणि मी मोबाइल घेऊन खोली नंबर १४ मध्ये गेलो. पंखा देवघरातल्या समईसारखा शांत फिरत होता. शिपाईमामांना बोलावलं. ते म्हणाले, “परवाच एका पोरानं सांगितलं. स्क्रू ढिला हुता, आवळून टाकला.”

“कुणाला विचारून?” मॅडम.

“इचारायचं काय त्यात?”

मॅडमनी कपाळाला हात लावला. आधीचा फोटो आता आणायचा कुठून? थोडा विचार करून त्या म्हणाल्या, “मामा, तो स्क्रू परत जरा ढिला कराल का? दोन मिनिटांसाठी. फोटो काढला की लगेच आवळा.”

मामांनी कोपऱ्यातली शिडी उचलली, पंख्याखाली लावली, दोन पायऱ्या चढले आणि वळून म्हणाले, “करतो की. पण मॅडम, आवाज फोटोत येतोय व्हय?”